शिंकेची किंमत नऊ

बाळांनो, सावरून बसा. जो चुळबुळ करील त्याला मी गोष्ट सांगणार नाही, नुसतं तात्पर्य सांगीन. मग बसा रडत.

तर एका जंगलात एक पाटी होती. राजाही होता, पण राजे काय, सगळ्याच जंगलांत असतात. पाटी मात्र याच जंगलात होती.

पाटी म्हणजे काय, तर एक जुनं बेहड्याचं झाड. त्याच्या खोडावर वरपासून खालपर्यंत पळसाची पानं टोचलेली असत. एका पानावर एक बातमी. सगळ्यांत वरचं पान बरोबर वाघोबा महाराजांच्या डोळ्यांच्या उंचीवर. सगळ्यांत खालचं पान गवतात. रोज सकाळी अख्खं जंगल त्या झाडाखाली जमायचं आणि वरची चार पानं वाचून शहाणं होऊन घरी जायचं. खालची पानं हरणं खायची. वाचून नव्हे, नुसतीच.

पानं टोचायचं काम साळोजी साळिंदराकडे होतं. टाचणी त्याला बाहेरून आणावी लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि पान टोचायचं. झाडाच्या मुळाशीच त्याचं बीळ होतं. नोकरी आणि घर यांत अंतर चार पावलांचं. असं सुख कोणाला मिळतं?

आता कुठली बातमी वर आणि कुठली खाली, हे कोण ठरवणार? पूर्वी ज्याचा आवाज मोठा त्याची बातमी वर. त्यात कावळ्यांचं फावायचं. मग एकदा महाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेले. तिथं त्यांनी एक नवल पाहिलं. त्या जंगलात नव्या जन्मलेल्या पिल्लांची नावं अगदी शिस्तीत, अक्षरांच्या क्रमानं झाडावर लावलेली होती. आणि ती लावायला कोणी भांडत नव्हतं. एक पान होतं, ते सांगेल तसं करायचं.

त्या पानावर बातमी नव्हती, नाव नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त हुकूम होते. सगळी पानं गोळा करा. प्रत्येकावर अमुक ठिकाणी बघा. त्या क्रमानं लावा. लग्नात एक मामा असतो ना, जो स्वतः पंगतीला बसत नाही, पण कोणी कुठं बसायचं ते सांगत फिरतो? तसलं ते पान. शहरातली माणसं त्याला एक्सएसएलटी म्हणतात. तुम्ही म्हणून बघू नका, जिभेला गाठ बसेल. जंगलात त्याला रचनापान म्हणत.

महाराजांनी त्या पानाची नक्कल आणली आणि साळोजीपुढं टाकली. "आपल्याकडं हे लागू करा. आपण काय मागासलेले आहोत?"

साळोजीनं पान वाचलं. त्यात 'नाव बघून लावा' असं होतं. त्यानं 'नाव' खोडलं, 'किंमत' लिहिलं. आणि मोठी किंमत वर यावी म्हणून पुढं 'उलट्या क्रमानं' एवढं जोडलं. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. दुसऱ्याचं चाललेलं पान आणावं, एक शब्द बदलावा आणि चाललं म्हणावं, ही त्या धंद्याची रीतच आहे.

किंमत ठरवायचं काम हुप्पेगुरुजींकडे गेलं. हे म्हातारे वानर पूर्वी पिल्लांना शिकवत. फार सचोटीचे. स्वतःच्या नातवाला त्यांनी उड्या मारण्यात नापास केलं होतं. प्रत्येक बातमी ते नीट वाचायचे, डोकं खाजवायचे, आणि पानाच्या कोपऱ्यात किंमत लिहायचे. बातमी जितकी महत्त्वाची तितकी किंमत जास्त. वर मर्यादा नाही.

पहिल्याच दिवशी महाराज शिंकले. त्याची बातमी झाली. गुरुजींनी खूप विचार केला. महाराजांची शिंक आहे, अगदीच एक कशी द्यायची? पण शेवटी शिंकच ती. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: ९.

त्याच दिवशी पाणवठ्यावर मगर आली होती. गुरुजींनी लिहिलं: ३००.

दुसऱ्या दिवशी बघतात तो काय, शिंक पाटीच्या टोकाला आणि मगर गुडघ्याखाली.

गुरुजींना वाटलं, साळोजीनं लावताना बघितलं असेल कोणाची शिंक आहे ते. साळोजीला वाटलं, गुरुजींनी बघितलं असेल. महाराजांना वाटलं, पान फारच हुशार आहे. आणि राजाला जे पान हुशार वाटतं त्याच्याकडे पुन्हा वळून कोण बघतो?

अशी दोन वर्षं गेली. जंगल मजेत होतं. रोज वर शिंका, जांभया, मोराचा नवा पिसारा, अस्वलाच्या पोटाचा घेर. पाणवठ्यावर अधूनमधून कोणीतरी कमी होत असे, पण ती बातमी कोणाच्या वाचनात आली नव्हती.

आता आपली ठकू. किती वेळ झाला, अजून तिचं नावच काढलं नाही मी! ठकू ही सुतारपक्ष्यांच्या घराण्यातली. झाड ठोकून बघावं आणि आत काय आहे ते सांगावं, हा तिचा पिढीजात धंदा. भरीव लाकूड 'टक्' म्हणतं. किडकं लाकूड 'ढब्' म्हणतं. साळोजीला तिनं भाऊ मानलेलं. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. तो काटे मिटून बसायचा, ती चोच मागं घेऊन टिळा लावायची. वाळवी भरलेल्या करंज्या व्हायच्या. या भावाबहिणीला एकमेकांना मिठी मारणं जमण्यासारखं नव्हतं, पण माया तेवढीच होती.

एक दिवस ठकू पाटी वाचायला आली आणि सवयीनं बेहड्याला एक टोला दिला.

ढब्.

तिनं जरा वर देऊन बघितलं. ढब्. जरा खाली. ढब्ब. ठकूच्या अंगावर पिसं उभी राहिली. सगळं खोड आतून गेलेलं होतं. बाहेरून साल आणि पानं तेवढी शाबूत. आणि खाली रोज सकाळी शेसव्वाशे जनावरं माना वर करून उभी. आणि मुळाशी बिळात साळोजी घोरत पडलेला.

ती बिळाच्या तोंडाशी गेली. "दादा, ऊठ. तुझं झाड पडणार आहे."

"पान भर," साळोजी आतूनच म्हणाला. "तोंडी बातमी चालत नाही हल्ली."

"अरे, तुझ्या डोक्यावर पडणार आहे!"

"म्हणूनच म्हणतो, पान भर. बहिणीची बातमी मी वशिल्यानं वर लावली तर लोक काय म्हणतील?"

ठकूनं पान भरलं. 'हे झाड आतून पोकळ आहे. खाली उभे राहू नका.' गुरुजी स्वतः आले, खोडाला कान लावून बसले. ठकूनं टोला दिला. गुरुजी झाडापासून चार उड्या मागं गेले. दोन वर्षांत दिली नव्हती इतकी किंमत त्यांनी लिहिली: १०००.

दुसऱ्या दिवशी ठकू पहाटेच्या उजेडातच आली. टोकाला महाराजांची शिंक होती. त्याच्याखाली माकडिणीची नवी सून. ठकू एकेक पान वाचत खाली येत गेली. येत येत गवतापर्यंत आली. तिचं पान खालून दुसरं होतं. त्याच्याही खाली एकच बातमी होती: 'एका मुंगीनं दुसऱ्या मुंगीला ओलांडलं. किंमत १.' ठकू ते वाचतेय तोवर एक हरण आलं आणि दोन्ही पानं खाऊन गेलं.

ती रडतच गुरुजींकडे गेली. गुरुजी हळहळले. "कमी पडली म्हणतेस? थांब, नवं पान भर, दहा हजार करू." केली. पान मुंगीच्या वरच. "मग एक लाख करू." केली. पान मुंगीच्या वरच.

"आणखी शून्यं देतो," गुरुजी म्हणाले. "आपल्या जंगलात शून्यांना काय तोटा?"

तेवढ्यात बेहड्याची एक वाळकी फांदी कडकन मोडली आणि सशाच्या शेपटीला चाटून खाली पडली. ससा टुणकन उडाला. इजा काही नाही. गुरुजींनी प्रामाणिकपणे किंमत लिहिली: ८. दुसऱ्या दिवशी ती बातमी वरून दुसरी. सगळं जंगल त्याच झाडाखाली उभं राहून ती वाचत होतं आणि पोट धरधरून हसत होतं. महाराज तर म्हणाले, "अशा बातम्या वाढवा."

ठकू हसली नाही. ती समोरच्या फांदीवर बसली आणि दिवसभर नुसती पाटी बघत राहिली. कारागीर माणूस, म्हणजे कारागीर पक्षी. वस्तू का बिघडली ते कळेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. संध्याकाळी तिला दिसलं. वर होती ती सगळी नऊनं सुरू होणारी. मग आठनं, मग सातनं. ९ च्या खाली ८५. ८५ च्या खाली ८. ७०० च्या खाली ७. आणि एकानं सुरू होणारी सगळी तळाला, मग पुढं शून्यं कितीही असोत.

कळलं का बाळांनो, काय झालं होतं ते? ते पान मुळात नावं लावायचं. नावं लावताना पहिलं अक्षर बघतात, ते सारखं असेल तर दुसरं. आकडा मोजायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ते आकड्यांनाही नावंच समजत होतं. नऊमधला नऊ बघितला, लाखातला एक बघितला. नऊ मोठा. झालं.

ठकू साळोजीकडे धावली. "दादा, तुझं पान फक्त पहिला आकडा बघतं रे! त्याला मोजता येत नाही!"

साळोजीचे काटे फिस्कारून उभे राहिले. "ठकूताई, माझ्या पानाला नावं ठेवायची नाहीत. महाराजांनी आणलंय ते. दोन वर्षांत एक तक्रार आली नाही."

"मग ही घे तक्रार."

"पान भर."

ठकूनं तेही भरलं. 'रचनापान चुकतं आहे.' गुरुजींनी किंमत दिली, १५००. आणि सकाळी ते पान कुठं गेलं असेल? शाबास. मुंगीच्या शेजारी.

आता ठकूपुढं एकच वाट उरली. ती गुरुजींच्या पायाशी जाऊन बसली. "गुरुजी, झाडाच्या बातमीची किंमत कमी करा. नऊ करा."

गुरुजी ताडकन उभे राहिले. "नऊ? शेसव्वाशे जिवांची किंमत नऊ? अगं, ही शिंकेची किंमत आहे! मी आयुष्यात खोटे गुण दिले नाहीत."

"तुमच्या खऱ्या गुणांनी माझा भाऊ मरेल, गुरुजी."

गुरुजींनी पान पुढं ओढलं. मग त्यांनी लाख खोडलं आणि ९ लिहिलं. खोटं लिहायची सवय नसली की अक्षर फार वाईट येतं. ठकूनं पान नेऊन दिलं, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदाच पोटभर किडे खाल्ले.

इकडे साळोजीला दिवसभर चैन नव्हतं. बहिणीचं बोलणं काट्यासारखं सलत होतं, आणि काटा काय असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? दुपारी सगळे झोपले तेव्हा त्यानं गुपचूप दोन कोरी पानं घेतली. एकावर ९ लिहिलं, दुसऱ्यावर १०. रचनापान सांगेल तशी लावली. नऊ वर आलं, दहा खाली गेलं.

साळोजीनं पुन्हा लावून पाहिली, पुन्हा तेच. दोन वर्षं! पाणवठ्यावरचं कोण कोण त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ठकूची आठवण आली. त्यानं रचनापानावर एकच ओळ वाढवली: 'किंमत हा आकडा समजावा.' मग मनाशी म्हणाला, ताईला आत्ता सांगायचं नाही. उद्या सकाळी तिची लाखाची बातमी टोकाला दिसेल तेव्हा तिचं तोंड बघायचं. त्या आनंदात संध्याकाळी आलेली पानं त्यानं न वाचताच लावायला घेतली.

मी पुढं सांगू, की तुम्ही सांगता?

सकाळी पाटी बरोबर लागली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा बरोबर. टोकाला होतं, 'रचनापान चुकतं आहे. किंमत १५००.' त्याखाली मगर. त्याखाली पाण्याची टंचाई. आणि पार तळाला, मुंगीच्या शेजारी, दोन पानं. एक शिंक, ९. दुसरं, 'हे झाड आतून पोकळ आहे', ९.

महाराज आले. टोकाचं पान वाचलं. शिंक शोधायला खाली वाकले. वाकायची सवय नसल्यामुळं कमरेत चमक आली. "रचनापान चुकतं आहे, हे खरंच आहे!" ते गरजले. "कालपर्यंत चुकत नव्हतं, आज चुकतंय. कोणी हात लावला?"

सगळं जंगल ओरडायला लागलं. मगरीची बातमी सकाळी सकाळी कोणाला हवी होती? साळोजीनं मान खाली घालून नवी ओळ दाखवली. "खोडा ती!" महाराज म्हणाले. साळोजीनं खोडली. डोक्यावर बेहडा करकरला. कोणाला ऐकू आलं नाही, कारण सगळे झाडाखालीच भांडत होते.

ठकूला ऐकू आलं. तिनं खोडाला एक टोला दिला. आता ढब्ब नव्हतं, नुसताच फस्स असा आवाज. उद्याची सकाळ हे झाड बघणार नव्हतं. किंवा बघेल, आणि ऐन नऊच्या गर्दीत कोसळेल.

तिनं आणखी पान भरलं नाही. ती साळोजीजवळ गेली. "दादा, दुपारी माझ्याकडे ये. ओवाळायचं आहे."

"अगं, भाऊबीजेला चार महिने आहेत."

"यंदा लवकर आहे. करंज्या केल्यात."

करंज्या म्हटल्यावर साळोजी पंचांग बघत नसे. दुपारी तो ओढ्यापलीकडं तिच्या झाडाखाली जाऊन बसला. ठकूनं टिळा लावला, करंज्या पुढं ठेवल्या आणि म्हणाली, "तू खा. मी आलेच."

जंगल झोपलेलं होतं. बेहड्याखाली चिटपाखरू नव्हतं. ठकूनं माहेरची अकरा जणं बोलावून आणली होती. ओढ्याच्या बाजूला खाच घेतली की झाड ओढ्याच्या बाजूला पडतं, हे सुताराच्या पोराला शिकवावं लागत नाही. बारा चोची लागल्या. साळोजीची पाचवी करंजी तोंडात होती तेव्हा धाडकन आवाज झाला. तो पळत आला. झाड ओढ्यात आडवं पडलं होतं. त्याचं बीळ मुळांसकट उलथलेलं होतं. ठकू बाजूच्या दगडावर बसून धापा टाकत होती. साळोजीनं एकदा बिळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सरकारी झाड पाडल्याचा गुन्हा. मोडलेल्या खोडात कोल्हा ताठ उभा राहू शकत होता, इतकं ते पोकळ होतं. पण पुरावा लेखी लागतो.

"झाड धोक्याचं होतं तर कळवलं का नाहीस?" महाराजांनी विचारलं.

"कळवलं, महाराज. पाटीवर होतं."

पान शोधून आणलं. महाराजांनी कोपरा वाचला. "नऊ. आणि पाटीच्या तळाला. म्हणजे तुझ्याच मते यात महत्त्वाचं काही नव्हतं." त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. "ही किंमत तुम्ही दिलीत?"

"दिली," गुरुजी म्हणाले, आणि जन्मात एकदा खोटं लिहिल्याबद्दल त्यांनी त्याच ठिकाणी राजीनामा दिला.

ठकूला शिक्षा झाली. महिनाभर कुठल्याही झाडाला चोच लावायची नाही. सुतारपक्ष्याला ही उपासमारच. पण रोज दुपारी साळोजी एक पुडा घेऊन ओढा ओलांडायचा. पुड्यात वाळवी असायची. ओवाळणी राहिली होती, असं तो म्हणायचा, आणि रोजच राहिलेली असायची.

नवी पाटी आईनाच्या झाडावर लागली. रचनापान जुनंच, किंमत लिहिणारे तेवढे नवे. टोकाला पहिली बातमी: 'ठकूनं सरकारी झाड पाडलं. किंमत ९.' आणि तळाला गवतात: 'झाड पडलं, पण कोणी मेलं नाही. किंमत १०००००.' ती हरणानं खाल्ली.

साळोजी अजून पानं टोचतो. नोकरी आहे, करतो. पण आता तो पाटी खालून वाचतो. लोक आले की माना वर करतात, आणि हा गवत बाजूला करून पोटावर पडलेला असतो. परवा त्याला तळाला एक पान सापडलं. 'या आईनाला वाळवी लागली आहे. आम्ही आत जाऊन बघून आलो. किंमत १०००.' खाली सही होती मुंगीची.

साळोजीनं पान नीट घडी करून काट्यांत खोवलं. मग तो सावकाश ओढा ओलांडून ठकूच्या झाडाखाली गेला आणि वर बघून म्हणाला, "ताई, यंदा पण भाऊबीज लवकर आहे का गं?"

तात्पर्य: मुलांनो, आपली किंमत वाढावी म्हणून झटू नका. आधी मोजणाऱ्याला मोजता येतं का ते बघा. येत असेल तर गप्प राहा, त्याला लवकरच थांबवतील. येत नसेल तर निर्धास्तपणे शिंका.